सनद देणारी, सनद काढून घेणारी परिषद

अहिल्यानगरहून मनमाड रस्त्याला लागले की शहर संपता संपता नागापूर येते. जुने गाव, त्याला लागून एमआयडीसी आणि कारखान्यांमागून वाढत गेलेल्या वसाहती. इथल्या माणसाला कोर्टाची पायरी चढावी लागते ती बहुधा ओळखीच्या कारणांनी. कामावरून कमी केले म्हणून कामगार न्यायालयात दावा, रस्त्यावरच्या अपघाताची भरपाई, न वटलेला धनादेश, भावाभावांतली वाटणी, संपादनात गेलेल्या जमिनीचा वाढीव मोबदला. कारण कोणतेही असो, पहिली सही होते ती वकीलपत्रावर. त्या एका सहीने पक्षकार आपल्या वतीने बोलण्याचा, तडजोड करण्याचा आणि पुष्कळदा कोर्टात जमा झालेली रक्कम उचलण्याचाही अधिकार दुसऱ्याच्या हाती देतो. बहुतेक वकील हा विश्वास सांभाळतात. एखाद्याने सांभाळला नाही तर दाद कुठे मागायची, हे मात्र पक्षकाराला कोणी सांगितलेले नसते. तो कधी पोलीस चौकीत जातो, कधी कोर्टातल्या पट्टेवाल्याला गाठतो, कधी नशिबाला बोल लावून गप्प बसतो.

दाद मागायची जागा कायद्याने नेमून दिलेली आहे. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, म्हणजेच महाराष्ट्र व गोवा वकील परिषद. तिचे कार्यालय मुंबईत फोर्ट भागात, उच्च न्यायालयाच्या विस्तारित इमारतीत आहे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने देशभर अशा राज्य परिषदा उभ्या केल्या आणि त्यांच्या वर दिल्लीत बार कौन्सिल ऑफ इंडिया नेमली. आपल्या परिषदेच्या हद्दीत महाराष्ट्र आणि गोव्याबरोबर दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवही येतात. नागापूरच्या माणसाचे अपील उच्च न्यायालयात गेले तर ते छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढे चालते. पण त्याच्या वकिलाचे नाव ज्या नामावलीत नोंदले आहे ती नामावली मुंबईत असते.

इथे एक गल्लत नेहमी होते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात आपल्याला दिसतो तो वकील संघ. त्याचे अध्यक्ष असतात, बार रूम असते, निवडणुकीचे फलकही लागतात. तो वकिलांनी स्वेच्छेने चालवलेला संघ आहे. त्याचे पदाधिकारी वकील आणि पक्षकार यांना समोरासमोर बसवून फीचा वाद मिटवू शकतात, अडकलेली फाइल परत मिळवून देऊ शकतात. माझे मत असे की साध्या कुरबुरीसाठी पहिली फेरी तिथेच मारावी, मुंबई गाठण्याची गरज नाही. परंतु सनद देणे, ती स्थगित करणे किंवा काढून घेणे यांपैकी काहीही वकील संघाच्या हातात नाही. ते अधिकार परिषदेचे.

सनद मिळते कशी, हे आधी पाहू. कारण काढून घेण्याचा अधिकार त्यातूनच येतो. अर्जदार भारताचा नागरिक, एकवीस वर्षे पूर्ण झालेला आणि मान्यताप्राप्त संस्थेचा विधी पदवीधर असावा लागतो. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा, दोन्ही चालतात. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या किंवा तशाच कारणावरून सरकारी नोकरीतून बडतर्फ झालेल्या माणसाला नामावलीचे दार बंद असते. सुटकेनंतर अथवा बडतर्फीनंतर दोन वर्षे उलटली की ते पुन्हा उघडते. नोंदणीनंतर अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा २०१० मध्ये आणली गेली, तिला अनेकांनी आव्हान दिले आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती घेण्याचा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा अधिकार मान्य केला.

नोंदणीच्या शुल्कावर मात्र थोडे थांबायला हवे. कायद्यात ते स्पष्ट लिहिले आहे. सर्वसाधारण अर्जदाराला राज्य परिषदेचे ६०० आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाचे १५० असे ७५० रुपये. अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदाराला १०० आणि २५ असे १२५ रुपये. तरीही वाचनालय, इमारत, पडताळणी, ओळखपत्र अशी नावे देऊन देशातल्या कित्येक परिषदा हजारो रुपये गोळा करत होत्या. ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्याने ठरवलेल्या रकमेवर एक रुपयाही जादा घेता येणार नाही. ऊसतोड कामगाराची किंवा एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराची मुलगी वकील होऊ पाहते, तेव्हा सात-आठशे आणि पंधरा हजार यांतले अंतर तिच्या घरात फार मोठे असते. नियमांचे पालन करवून घेणाऱ्या संस्थेलाच तिच्या कायद्यातले वाक्य वाचून दाखवावे लागले, याची खंत वाटते.

नोंदणी झाली की क्रमांक मिळतो. महाराष्ट्रातल्या सनदेवर ‘एमएएच’, मग क्रमांक, मग वर्ष अशी रचना असते. वकीलपत्रावर वकिलाच्या सहीखाली बहुधा हा क्रमांक असतो. पक्षकाराने तो टिपून ठेवावा. पुढे तक्रार करायची वेळ आलीच तर सारख्या नावाच्या दोन वकिलांत घोळ होत नाही. सनद नसलेल्या माणसाने कोर्टात वकिली करणे हा कलम ४५ खाली गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

सॉलिसिटर हा शब्द वर्तमानपत्रांतून अधूनमधून येतो, म्हणून त्याबद्दल दोन वाक्ये. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत इंग्लंडसारखी विभागणी होती. अशिलाला भेटणारा, कागद तयार करणारा अ‍ॅटर्नी किंवा सॉलिसिटर वेगळा आणि न्यायमूर्तींपुढे उभा राहणारा वेगळा. १९७६ च्या दुरुस्तीने अ‍ॅटर्नी हा स्वतंत्र वर्ग कायद्यातून गेला. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी ही मुंबईतली जुनी संस्था आजही सॉलिसिटरची परीक्षा घेते. त्यासाठी एखाद्या सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी करावी लागते आणि मुंबईच्या व्यापारी जगात त्या पात्रतेला मान आहे. पण शिस्तीचा प्रश्न आला की तो सॉलिसिटरही परिषदेच्या नामावलीतला एक अधिवक्ताच ठरतो. नागापूरच्या पक्षकाराचा वकील आणि फोर्टातल्या मोठ्या फर्मचा भागीदार यांना एकच नियमावली लागू होते.

ती नियमावली बार कौन्सिल ऑफ इंडियाने केलेली आहे. तिच्यातल्या काही कलमांची माहिती प्रत्येक पक्षकाराला असायला हवी. सर्वांत महत्त्वाचे कलम पैशाचे. अशिलाकडून मिळालेल्या आणि अशिलासाठी मिळालेल्या प्रत्येक रकमेचा हिशेब वकिलाने ठेवला पाहिजे. त्यात फीपोटी किती आणि खर्चापोटी किती हे वेगळे दिसले पाहिजे. अशिलाच्या वतीने रक्कम हाती आली की ती आल्याचे शक्य तितक्या लवकर त्याला कळवले पाहिजे. ती रक्कम स्वतःला दिलेले कर्ज समजून वापरता येत नाही. दुसरे कलम फीचे. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे, किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवणे, भारतात वकिलाला मना आहे. अपघात भरपाईच्या आणि भूसंपादनाच्या दाव्यांत ‘आत्ता काही देऊ नका, मिळाले की इतके टक्के द्या’ असा करार सर्रास होतो. पक्षकाराला तो सोयीचा वाटतो, कारण खिशात पैसे नसतात. नियमाच्या दृष्टीने तो करारच गैर आहे.

यामागचे कारण मला पटते. वाटा ठरला की दावा वकिलाचाही होतो. मग तडजोड कधी करायची, रक्कम कोणती मान्य करायची यात त्याचा स्वतःचा हिशेब शिरतो. म्हणूनच आपण लढवलेल्या दाव्यातून निघालेल्या लिलावात वकिलाला बोली लावता येत नाही. दाव्यातला हक्क विकत घेता येत नाही आणि त्या कामासाठी अशिलाला उसने पैसेही देता येत नाहीत. अमेरिकेत टक्केवारीची फी सरळ चालते आणि गरिबाला त्यामुळे वकील मिळतो असे तिकडचे लोक म्हणतात. आपल्याकडे त्या गरजेसाठी वेगळी सोय आहे. १९८७ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, कोठडीतले लोक आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारा कोणीही तिथे मोफत वकील मागू शकतो. अहिल्यानगरच्या जिल्हा न्यायालयातही हे प्राधिकरण आहे.

जाहिरात करायलाही वकिलाला बंदी आहे. पाटी माफक आकाराची असावी, काम मिळवण्यासाठी दलाल ठेवू नयेत, असा नियम. हा नियम आपल्याच राज्यातल्या एका लाजिरवाण्या प्रकरणात कसोटीला लागला. मुंबईच्या फौजदारी कोर्टाबाहेर काही वकील दारातच उभे राहून येणाऱ्या पक्षकारांवर झडप घालत. त्यांच्या हातातले कागद ओढून घेत, आपापसात धक्काबुक्की करत. महाराष्ट्राच्या परिषदेने त्यांच्यावर कारवाई केली, वरच्या परिषदेने त्यांना सोडले आणि आपली परिषद त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. तिला असे अपील करण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्न सात न्यायमूर्तींच्या पीठापुढे आला. १९७५ मध्ये पीठाने होकार दिला. परिषद ही धंद्याची इभ्रत आणि लोकांचे हित या दोन्हींची राखणदार आहे, म्हणून तिलाही अन्याय झाल्याचे म्हणता येते, असा त्याचा आशय. दाभोळकर खटला म्हणून हे प्रकरण विधी महाविद्यालयांत आजही शिकवतात. पुढे २०२३ च्या दुरुस्तीने दलालांची यादी जाहीर करण्याचा अधिकार उच्च न्यायालयांना आणि जिल्हा न्यायाधीशांना दिला.

आता तक्रार. कलम ३५ म्हणते की तक्रारीवरून किंवा अन्य मार्गाने परिषदेला जर असे मानायला कारण दिसले की तिच्या नामावलीतला वकील व्यावसायिक किंवा अन्य गैरवर्तनाचा दोषी आहे, तर तिने प्रकरण शिस्तपालन समितीकडे पाठवावे. तक्रार अर्जाच्या स्वरूपात लिहायची. दिवाणी दाव्यातल्या कैफियतीखाली असते तसे सत्यापन तिच्याखाली करायचे, म्हणजे कोणती गोष्ट स्वतःच्या माहितीतली आणि कोणती ऐकीव हे सांगून सही करायची. ठरलेले शुल्क भरायचे. भाषेची अडचण नाही. तक्रार मराठीत चालते. राज्यभाषेतल्या तक्रारीचे प्रकरण दिल्लीला पाठवायची वेळ आली तर इंग्रजी भाषांतर करण्याची जबाबदारी परिषदेची आहे, पक्षकाराची नाही. नियमातच हे लिहिलेले असूनही कित्येक जण केवळ इंग्रजीच्या धास्तीने थांबतात.

अर्जात राग कमी आणि तारखा जास्त असाव्यात. कोणत्या दिवशी वकीलपत्र दिले, कोणत्या कोर्टात, दाव्याचा क्रमांक काय, किती रक्कम कशी दिली, काय सांगितले गेले आणि प्रत्यक्षात काय झाले. सोबत वकीलपत्राची नक्कल, पावत्या, बँकेतून किंवा यूपीआयवरून गेलेल्या रकमेच्या नोंदी, मोबाइलवरचे संदेश. पावती मिळाली नसेल तर निदान रक्कम रोखीने न देता खात्यातून द्यावी, एवढी काळजी दावा सुरू होतानाच घेता येते. दाव्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये घातला की प्रत्येक तारखेला काय झाले ते दिसते. ‘साहेब रजेवर होते, पुढची तारीख पडली’ असे वकिलाने सांगितले आणि नोंदीत मात्र ‘वादीचे वकील गैरहजर, दावा काढून टाकला’ असे असेल, तर त्या नोंदीचा छापील कागद तक्रारीला बळ देतो. रोजनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल त्याहून भक्कम.

परिषदेचे सचिव अर्जातल्या त्रुटी दाखवतात, जास्त प्रती मागतात, तपशील विचारतात. अर्ज ठाकठीक झाला की नोंद होते. मग वकिलाचे म्हणणे मागवले जाऊ शकते. त्यानंतर परिषद ठरवते की प्रकरण पुढे पाठवायचे की इथेच संपवायचे. हा टप्पा टपालखात्यासारखा आलेला कागद पुढे ढकलण्याचा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच परिषदेला यावरून खडसावले. पक्षकार आणि वकील असे नातेच नसताना, समोरच्या बाजूच्या वकिलाविरुद्ध आलेली तक्रार नीट कारणे न देता समितीकडे पाठवली म्हणून पन्नास हजार रुपयांचा खर्चही लावला. नागापूरच्या वाचकाने यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. विरुद्ध पक्षाच्या वकिलाने उलटतपासणीत आपल्याला घाम फोडला किंवा त्याच्या अशिलाची बाजू जोरात मांडली, याला गैरवर्तन म्हणत नाहीत. त्याने खोटा कागद हजर केला असेल तर गोष्ट वेगळी.

शिस्तपालन समिती तिघांची असते. दोघे परिषदेच्या सदस्यांतून निवडलेले, तिसरा परिषदेबाहेरचा अनुभवी अधिवक्ता. तिघांत ज्येष्ठ असेल तो अध्यक्ष. समितीला साक्षीदाराला समन्स काढण्याचे, कागद मागवण्याचे, शपथपत्रावर पुरावा घेण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. वकिलाबरोबरच राज्याच्या महाधिवक्त्यांनाही नोटीस जाते. तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो किंवा वकील देऊ शकतो. त्याचीही उलटतपासणी होते, त्यामुळे अर्जात लिहिलेले प्रत्येक वाक्य पेलता आले पाहिजे. पुराव्याची पातळी उंच ठेवली जाते, कारण इथे माणसाची उपजीविका जाऊ शकते.

तक्रारदाराला आधार देणारा एक नियम फारसा कोणाला ठाऊक नसतो. तक्रार मागे घेतली, आपसात मिटवले, तक्रारदार यायचा बंद झाला, एवढ्या कारणावरून प्रकरण बंद करता येत नाही. गावातल्या चार प्रतिष्ठितांनी दबाव आणून अर्ज मागे घ्यायला लावला तरी समिती पुढे जाऊ शकते. भांडण दोन व्यक्तींमधले राहिलेले नसते. प्रश्न नामावलीतल्या नावाचा झालेला असतो.

समितीपुढे मार्ग चार: तक्रार फेटाळणे, ताकीद देणे, काही काळासाठी निलंबित करणे, नामावलीतून नाव कायमचे काढणे. खर्चाचा हुकूम करता येतो. पैसे परत द्या, नुकसान भरून द्या असा आदेश या यादीत नाही. इथे पुष्कळांचा हिरमोड होतो. बुडालेल्या रकमेसाठी दिवाणी दावा आणि अफरातफर असेल तर पोलिसांकडे फिर्याद, हे रस्ते परिषदेच्या तक्रारीबरोबर वेगळे चालवावे लागतात. ग्राहक आयोगाचा रस्ता आता बंद आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असे १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. त्या दिवसापासून परिषदेच्या दाराला सामान्य पक्षकाराच्या लेखी जास्त मोल आले. हरलेला दावाही परिषद फिरवून देत नाही. त्याला अपिलाची मुदत असते आणि तक्रारीच्या नादात ती चुकवून चालत नाही.

गैरवर्तन कशाला म्हणायचे, याचा अंदाज दोन निकालांवरून येतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याच्या फौजदारी कोर्टांत काम करणाऱ्या वकिलांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. खांडेकर विरुद्ध महाराष्ट्र बार कौन्सिल. चुकीचा सल्ला देणे आणि अनुचित सल्ला देणे यांत न्यायालयाने फरक केला. अभ्यास कमी पडला, कलम चुकले, हेतू मात्र वाईट नव्हता, तर ते व्यावसायिक गैरवर्तन ठरत नाही. डॉक्टरचे निदान चुकते तसे वकिलाचेही चुकू शकते, हे मान्य करायला हवे.

दुसरा निकाल २००२ सालचा, उत्तर प्रदेशातल्या बैजू नावाच्या शेतकऱ्याचा. म्हातारा, निरक्षर माणूस. जमीन संपादनात गेली. मोबदल्याचे ८,११८ रुपये त्याच्या वकिलाने १९८७ मध्ये कोर्टातून उचलले आणि त्याला दिले नाहीत. तक्रार झाल्यावर वकिलाने तडजोड झाल्याचे बनावट शपथपत्र हजर केले. बार कौन्सिल ऑफ इंडियाने तीन वर्षांचे निलंबन दिले. वकील अपिलात गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कमी न करता वाढवली आणि त्याचे नाव नामावलीतून कायमचे काढले. रक्कम लहान की मोठी याला महत्त्व दिले नाही. विश्वास टाकलेला माणूस किती असहाय होता, हे पाहिले. ज्या गावांच्या जमिनी औद्योगिक वसाहतींसाठी आणि रस्त्यांसाठी गेल्या, त्या प्रत्येक गावाने हा निकाल माहीत करून घ्यावा असे मला मनापासून वाटते.

फीचा वाद आणि अडवलेले कागद हे आणखी एक रोजचे दुखणे. फी बाकी आहे म्हणून फाइल देत नाही, असे वकिलाला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात हे स्पष्ट केले. बाकी फीसाठी त्याने वसुलीचा रस्ता धरावा. अशिलाचे कागद गहाण ठेवून घेता येत नाहीत. दुसरा वकील नेमताना मात्र पहिल्याची संमती घ्यावी लागते आणि ती मिळाली नाही तर कोर्टाची परवानगी. नवा वकील ‘आधी जुन्यांची ना-हरकत आणा’ असे म्हणतो, ते उगीच नाही.

तक्रारीचा निकाल एक वर्षात लागावा, असे कलम ३६ ब सांगते. नाही लागला तर प्रकरण आपोआप बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. कागदावर ही तरतूद पक्षकाराच्या बाजूची दिसते. प्रत्यक्षात नागापूरहून मुंबईच्या फेऱ्या मारून दमलेल्या माणसाची फाइल दिल्लीला जाते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य परिषदांना बजावले की वर्षाच्या आत निकाल द्या. प्रकरणे वर ढकलणे अपवाद असले पाहिजे. राज्य परिषदेच्या निकालावर साठ दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तिच्या निकालावर पुन्हा साठ दिवसांत थेट सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते.

आता या रचनेतल्या मर्मावर येतो. परिषदेचे पंचवीस सदस्य वकीलच निवडून देतात, पसंतीक्रमाच्या मतदानाने, पाच वर्षांसाठी. महाधिवक्ता पदसिद्ध सदस्य. अहिल्यानगरच्या कोर्टात काम करणारा वकील मतदार आहे आणि त्याच्याविरुद्ध तक्रार आली तर न्याय करणाऱ्या तिघांपैकी दोघे त्याच्यासारख्यांच्या मतांवर निवडून आलेले असतात. हे सगळे पक्षपाती असतात असे मुळीच नाही. दाभोळकर प्रकरणात आपलीच परिषद स्वतःच्या मतदारांविरुद्ध दिल्लीपर्यंत लढली. पण पक्षकाराला शंका येते आणि ती शंका रास्त आहे. इंग्लंडमध्ये याच कारणाने २००७ मध्ये सॉलिसिटरांची लॉ सोसायटी आणि त्यांच्यावर देखरेख करणारे सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटी वेगळे केले. सेवेबद्दलच्या तक्रारींसाठी २०१० पासून लीगल ओम्बड्समन बसवला. एकीकडे धंद्याचा प्रतिनिधी, दुसरीकडे धंद्यावरचा पहारा.

आपल्याकडे सरकारने २०२५ च्या फेब्रुवारीत अधिवक्ता कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा आणला. वकिलांनी देशभर निषेध केला आणि काही दिवसांतच तो मागे घेतला गेला. त्यातून परिषदांवर सरकारचा हात येईल ही वकिलांची भीती गैर नव्हती. सरकारविरुद्ध उभे राहणाऱ्या वकिलाची सनद सरकारच्या मुठीत जाणे कोणाच्याच हिताचे नाही. माझे म्हणणे एवढेच की सरकारचा हात नको असेल तर लोकांचा डोळा तरी हवा. शिस्तपालन समितीत वकिली न करणारी एक निवृत्त आणि निःस्पृह व्यक्ती बसवली तर परिषदेचे स्वातंत्र्य रतीभरही कमी होणार नाही. निवडणुकांची कथाही फार समाधान देणारी नाही. २०१८ मध्ये निवडून आलेल्या परिषदेची मुदत संपून गेली तरी सनदांच्या पडताळणीच्या कारणावरून नवी निवडणूक लांबत राहिली आणि देशभरच्या परिषदांच्या निवडणुका घ्या असे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

परिषदेचे काम केवळ दंडुक्याचे नाही, हेही सांगितले पाहिजे. वकिलांचे हक्क आणि हित जपणे हे कायद्याने तिला नेमून दिलेले काम आहे. वकीलपत्रावर कोर्ट फीच्या तिकिटाशेजारी जे वेगळे तिकीट लावतात, ते राज्याच्या १९८१ च्या कायद्याखालच्या वकील कल्याण निधीचे. दिवंगत वकिलाच्या कुटुंबाला त्यातून हातभार लागतो. जानेवारी २०२४ मध्ये याच जिल्ह्यात, राहुरी तालुक्यात वकिली करणाऱ्या पती-पत्नीचा खून झाला. तेव्हा राज्यभरच्या वकिलांनी कामकाजापासून दूर राहून संरक्षण कायद्याची मागणी केली. आपल्या पक्षकाराच्या किंवा त्याच्या विरोधकाच्या रोषाला बळी पडण्याचा धोका तालुक्याच्या कोर्टातला वकील रोज पत्करतो. त्याच्या पाठीशी उभी राहणारी संस्थाही परिषदच आहे.

एक शेजारचा प्रश्नही इथेच निकालात काढू. प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारणारा नोटरी बहुधा वकीलच असतो, पण नोटरी म्हणून त्याने केलेल्या गैरप्रकाराची तक्रार १९५२ च्या नोटरी कायद्याखाली, त्याला नेमणाऱ्या सरकारकडे करायची असते. माणूस हजर नसताना त्याच्या नावाच्या कागदावर शिक्का पडला तर अर्ज तिकडेही जातो.

शेवटी, निकाल वकिलाच्या विरुद्ध गेला तर पुढे काय होते ते पाहू. ताकीद किंवा निलंबन असेल तर नामावलीत त्याच्या नावापुढे शिक्षेची नोंद होते. नाव काढले असेल तर ते नामावलीतून खोडले जाते. निलंबन असो की नाव काढणे, सनद परत मागवली जाते. निलंबनाच्या काळात त्याला देशातल्या कोणत्याही न्यायालयात, प्राधिकरणापुढे किंवा व्यक्तीपुढे वकिली करता येत नाही. अहिल्यानगरला बंदी आणि श्रीरामपूरला मुभा असे होत नाही. त्याच्याकडे ज्यांचे दावे चालू आहेत अशा बाकीच्या पक्षकारांना मात्र हे आपोआप कळत नाही. त्यांनी आपली फाइल आणि मूळ कागद ताब्यात घ्यावेत, सीएनआर क्रमांकावरून पुढची तारीख पाहावी आणि त्या तारखेच्या आत नव्या वकिलाचे वकीलपत्र दाखल करावे. वकील शोधायला वेळ लागणार असेल तर स्वतः कोर्टात हजर राहून मुदतीचा अर्ज द्यावा. तो अर्ज मराठीत, साध्या कागदावर आणि आपल्या सहीने चालतो.